नव्ह-शापेलला जाण्यापूर्वी

फ्रान्सच्या उत्तर भागात, लील शहराच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर, पा-द-काले जिल्ह्यात नव्ह-शापेल हे छोटं गाव आहे. तिथे फिरून आल्यावर पटलेल्या या काही गोष्टी.

१. आधी जमीन बघा. सगळं शिवार सपाट, चिकणमातीचं आणि पाणथळ. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५च्या हिवाळ्यात, इथे खंदक खणला की पाण्यानं भरायचा. म्हणून सैनिकांनी मातीच्या पोत्यांचे बांध रचले आणि त्यांच्याआडून लढले. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुस्तकातली लढाई कळत नाही.

२. मग पूर्वेकडे नजर टाका. ओबेरचा उंचवटा दिसेल. सह्याद्री बघितलेल्या माणसाला त्याला टेकडी म्हणवणार नाही. पण अशा सपाटीवर जो वर बसला, त्याला खालचं सगळं दिसतं. त्यासाठीच १० मार्च १९१५ रोजी ब्रिटिश आणि भारतीय फौजांनी हल्ला केला. ३५ मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर गाव त्याच दिवशी पडलं. १३ तारखेला लढाई थांबली, तेव्हा उंचवटा जर्मनांकडेच होता आणि हल्लेखोरांचे ११ हजारांहून अधिक जण मृत, जखमी वा बेपत्ता होते.

३. आपला धागा घरूनच शोधून निघा. मार्चची लढाई सगळे सांगतात. २८ ऑक्टोबर १९१४ची फारसं कुणी सांगत नाही. त्या दिवशी पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७व्या शीख पलटणीबरोबर या गावात घुसल्या. एरवी पूल-रस्ते बांधणारे हे जवान इथे घरोघर लढले. प्रतिहल्ल्यापुढे गाव सोडावं लागलं. जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

४. स्मारक घाईत उरकू नका. नवी दिल्लीतल्या सचिवालयाच्या इमारती रचणाऱ्या हर्बर्ट बेकर यांनीच हे १९२७चं भारतीय स्मारक रचलं. गोलाकार आवार, दगडी जाळी, १५ मीटर उंच स्तंभ. ज्यांची कबरही सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं भिंतीवर आहेत.

५. रस्ता ओलांडा. समोरच पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, १,८३१ कबरींची. इथे किती दूरदूरची माणसं मरायला आली, ते तिथे कळतं.

पॅरिसच्या सहलीतला एक दिवस या गावासाठी काढा. पुणेकरांनी तर भिंतीवर सॅपर्सची नावं शोधून वाचावीत.