अठ्ठावीस कोअरचा मोह

अगं, दोन्ही कोटेशनं वाचली. एकात रिफर्बचा दोन प्रोसेसरचा सर्व्हर आहे: इंटेल झिऑन ई५-२६८० व्ही४ ची जोडी, प्रत्येकी १४, म्हणजे मिळून २८ कोअर, वर भरपूर रॅम. दुसऱ्यात नवा कोरा सर्व्हर, पण प्रोसेसर एकच: एएमडी एपिक ४३४४पी, कोअर फक्त ८. रक्कम जवळजवळ सारखी. आणि संचालक मंडळातले काका विचारताहेत, २८ सोडून ८ कशाला घ्यायचे? प्रश्न रास्त आहे. बीडमधल्या पतसंस्थेचा पैसा म्हणजे पिग्मी एजंटांनी दारोदार फिरून गोळा केलेला पैसा. तो खर्च करताना असं विचारलंच पाहिजे. फक्त उत्तर तू द्यायचंस, विक्रेत्याने नाही.

ई५-२६८० व्ही४ हा २०१६ चा प्रोसेसर. तेव्हा एका चिपची किंमत १७४५ डॉलर होती. मोठ्या डेटा सेंटरांनी तो हजारोंनी घेतला, वापरला आणि आता काढून टाकला. म्हणून तो स्वस्त झाला. माल वाईट नाही. ४३४४पी आला मे २०२४ मध्ये, ३२९ डॉलरला. जुन्याचा वेग जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झ, नव्याचा ५.३. शिवाय नवा प्रत्येक ठोक्याला काम जास्त उरकतो. त्यामुळे एका कोअरच्या कामात तो साधारण दुप्पट पडतो, आणि सगळे कोअर जुंपले तरी ते आठ त्या अठ्ठावीसांच्या जवळपास येतात.

पण माझं ऐकून ठरवू नकोस. आज संध्याकाळी डे-एंड लावशील तेव्हा सध्याच्या सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघड, सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक कर आणि लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांग. चौकटींची जाळी दिसेल. व्याज आकारणी चालू असताना बहुतेक एकच चौकट वरपर्यंत भरलेली असेल आणि बाकीच्या तळाशी पडून असतील. एकूण वापर कमीच दिसेल, आणि तरी काउंटरवरचा पडदा हलणार नाही. असं दिसलं तर समज, तुमचं सॉफ्टवेअर एकामागून एक खातं घेत चाललंय. तिथे २८ कोअर दिलेस तर २७ नुसते बसून राहतील. सगळ्याच चौकटी शांत असतील आणि डिस्कचा आकडा शंभरावर असेल, तर प्रोसेसरचा दोषच नाही. मग सर्व्हर बदलण्याआधी जुन्या हार्ड डिस्क काढून चांगल्या एसएसडी टाक. कित्येकदा तेवढ्यानेच भागतं.

आता जरा मोठ्या ठिकाणचं उदाहरण सांगते, कारण ते आपल्या पावसाशी जोडलेलं आहे. पुण्याला पाषाणमध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथला ‘प्रत्यूष’ महासंगणक जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात झिऑन ई५-२६९५ व्ही४ आहेत, १८ कोअरचे. तुझ्या कोटेशनातल्या चिपचीच भावंडं. २६ सप्टेंबर २०२४ ला त्याच संस्थेत ‘अर्का’ आला, त्यात एपिक ७६४३, ४८ कोअरचे. क्षमता ४ पेटाफ्लॉपवरून ११.७७ वर गेली. एकेका चिपचा हिशेब मांडलास तरी प्रमाण तेच येतं, जवळजवळ तिप्पट. पण प्रत्यूषवर हवामानाचं जे गणित सुटायला दहा तास लागायचे ते अर्कावर चार तासांत होतं, असं पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने सांगितलं. म्हणजे अडीचपट. कागदावरचा थोडा भाग वाटेत गळला.

तो कुठे गळतो हे समजून घेण्यासारखं आहे. कोअरला आकडे रॅममधून आणावे लागतात आणि तो रस्ता ठरावीक रुंदीचा असतो. ऊसतोडीचं बघ ना. फडात पंधरा कोयते असोत की पन्नास, ट्रकला लावलेली फळी एकच असेल तर मोळ्या तिथेच तुंबणार. प्रत्यूषच्या चिपला रॅमचे चार मार्ग, सेकंदाला ७६.८ गिगाबाइट. अर्काच्या चिपला आठ, २०४.८ गिगाबाइट. वाढ झाली २.७ पट. आणि कोअरच्या संख्येने भागलंस तर दोन्हीकडे एकेका कोअरच्या वाट्याला येतात ४.३ गिगाबाइटच! फरक पडला तो चिपच्या पोटातल्या कॅशमुळे. जुन्यात कोअरमागे अडीच मेगाबाइट, नव्यात पाचाच्या वर, त्यामुळे रॅमकडे हेलपाटे कमी. विजेचंही तसंच: जुन्यात कोअरमागे सुमारे ६.७ वॉट, नव्यात ४.७. याच अर्कावर मे २०२५ पासून १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज निघू लागला. पूर्वी जिथे एक चौकट होती तिथे आता चार आहेत. आष्टी-पाटोद्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी नव्या प्रोसेसरचं मोल यात आहे, आणि मला ते फार मोठं वाटतं.

परत तुझ्याकडे येऊ. वीज. परळीला औष्णिक केंद्र असलं म्हणून आपल्याकडे लाईट जात नाही असं नाही, हे तुला मी काय सांगणार. दोन प्रोसेसरचा जुना सर्व्हर काही काम नसतानाही बरीच वीज खातो. चोवीस तास चालू असलेल्या यंत्रात १०० वॉटचा फरक म्हणजे वर्षाला ८७६ युनिट. तुझ्या दोघांत १५० वॉटचा फरक धरलास आणि युनिटचा दर १० रुपये धरलास, तर वर्षाला १३ हजारांच्या वर जातात. दर तुमच्या बिलातला घाल, आणि वॉट अंदाजाने नको, विक्रेत्याला दोन्ही यंत्रं मीटर लावून दाखवायला सांग. यूपीएसवरचा भार कमी झाला की तीच बॅटरी जास्त वेळ पुरते, हा फायदा वेगळाच. आणि एप्रिल-मेमध्ये सर्व्हरच्या खोलीत एसी लागतो तो याच विजेच्या उष्णतेसाठी.

लायसन्सकडे कोणी बघतच नाही. विंडोज सर्व्हरचं लायसन्स २०१६ पासून कोअरवर मोजतात, एका सर्व्हरला किमान १६. म्हणजे नव्याला १६ चं पुरेल, जुन्याला पूर्ण २८ चं लागेल. एसक्यूएल सर्व्हर कोअरप्रमाणे घेतलात तर ८ विरुद्ध २८. त्याच पैशात जास्त कोअर मिळाल्याचा फायदा इथेच संपतो, बाई.

जुन्याला मी नाव ठेवत नाही. रॅम जास्त हवी असेल, एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची असतील, रात्री बॅकअप घेऊन बाकी वेळ बंद ठेवायचं असेल, तर तो उत्तम. अंबाजोगाईत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना तर मी बिनधास्त घ्यायला सांगेन. लिनक्स टाका, उघडा, जोडा, शिका. फक्त ई५ चिपवरचा क्रमांक वाचून घ्यायचा. शेवटी व्ही३ किंवा व्ही४ असेल तर ठीक. व्ही२ किंवा नुसता क्रमांक असेल तर सोडून द्यायचं, कारण २०२५ मध्ये आलेली रेड हॅट १० त्यावर चालत नाही, आणि तशी बंधनं आता वाढतच जाणार.

नव्यातही एक जागा सांभाळ. सर्व्हर म्हणून साधा डेस्कटॉप गळ्यात मारतात. रॅम ईसीसी, म्हणजे आकड्यांतली चूक पकडणारी, आहे का, हे कोटेशनात लिहून घे. लोकांच्या खात्यातले आकडे त्यातून जाणार आहेत. आणि जुन्या सर्व्हरची रॅम नव्यात बसेल असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. ती डीडीआर४, ही डीडीआर५.

माझं मत विचारशील तर पतसंस्थेच्या रोजच्या कामाला आठ कोअरचा नवा घे. सभेत काकांसमोर तीनच गोष्टी कागदावर ठेव: डे-एंडच्या त्या जाळीचा फोटो, पाच वर्षांचं वीजबिल आणि दोन्हींच्या लायसन्सची रक्कम. ‘मॅडम, तुम्हाला त्यातलं कळणार नाही’ असं विक्रेता म्हणाला, तर त्याच्याकडून तीन वर्षांची, जागेवर येऊन दुरुस्तीची वॉरंटी लेखी माग, आणि ती मिळेपर्यंत सही करू नकोस.