न खपणाऱ्या घराची किंमत

तंजावर

चि. बाळास,


वल्लम रस्त्यावरच्या व्हिलाचे माहितीपत्रक पोचले, आणि त्याखालचा तुझा प्रश्नही. एक कोटी वीस लाख सांगतात, शुक्रवारपर्यंत टोकन दिले तर मॉड्युलर किचन फुकट, आत्या काय करू? शुक्रवारपर्यंत काही करू नकोस. टोकन देऊ नकोस, कुठल्या कागदावर सही करू नकोस, आणि रविवारी रात्री फोन करणाऱ्या त्या मुलाला "घरच्यांशी बोलून कळवतो" एवढेच सांग. ज्याचा माल खपतो आहे त्याला रविवारी रात्री गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

ती वसाहत मी पाहिली आहे. माहितीपत्रकातल्या चित्रात संध्याकाळी सगळ्या खिडक्यांत उजेड आहे. खऱ्या संध्याकाळी दोन रांगांत मिळून मोजके दिवे लागतात. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून गवत वर आले आहे, एसीवरचे प्लास्टिक अजून काढलेले नाही, आणि नमुना म्हणून दाखवतात त्या घराच्या गाडीवाटेवर वॉचमनच्या बायकोने वडाम वाळत घातले होते. तिला विचारले, तर म्हणाली, कोणी येत नाही अम्मा, ऊन छान लागते. घरे बांधून झाली, रंग एकदा उडाला, पण भाव मात्र पहिल्या दिवसाचाच. तुझ्या प्रश्नाचे खरे मूळ इथे आहे. घरे खपत नाहीत तर भाव उतरत का नाही?

आधी तो भाव कसा जमतो ते बघ. आपल्याकडे शेतजमिनीचा व्यवहार अजून मा आणि वेलीच्या हिशेबात होतो. वीस मा म्हणजे एक वेली, आणि एक मा म्हणजे साधारण एक तृतीयांश एकर. विकसक जमीन मा-एकराने घेतो आणि विकतो चौरस फुटाने. मधे रस्ते, मोकळी जागा, गटारे सोडली की विकायला निम्म्याहून थोडी अधिक जमीन उरते, म्हणजे राहिलेल्या प्रत्येक फुटावर न विकल्या जाणाऱ्या फुटाचा भार चढतो. त्यावर बांधकाम, कमान, क्लब हाउस, कोणी न पोहणारा तलाव, जाहिरात, दलाली आणि प्रकल्पासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज. घरे पडून राहिली की हे व्याज थांबत नाही. त्यामुळे विक्री मंदावली तर खर्च वाढतो आणि विकसक भाव खाली आणायला आणखीच घाबरतो.

दुसरे कारण मी बँकेच्या कर्जखात्यात असताना जवळून पाहिले. छापील भाव दहा लाखांनी उतरवला, तर आधी बुकिंग केलेले सगळे दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन उभे राहतात. शिवाय न विकलेली घरे बँकेकडे तारण असतात. भाव उतरला की तारणाचे मूल्यही उतरते. म्हणून भावाला हात न लावता सवलत दुसऱ्या वाटेने देतात. किचन फुकट, सोन्याचे नाणे, नोंदणीचा खर्च आमचा, ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू. या शेवटच्या प्रकाराला मुळीच भुलू नकोस. कर्ज तुझ्या नावावर असते, विकसकाने हप्ता थकवला तर नोटीस तुला येते. बांधकाम ज्या टप्प्याला असेल तेवढीच रक्कम सोडा, असे रिझर्व्ह बँकेला २०१३ साली बँकांना बजावावे लागले ते अशा योजनांमुळेच. फुकट किचनचे मोल काय असेल ते असो, ते किमतीतून वजा करून मागितलेस तर नाही म्हणतात. यावरूनच समज की छापील भाव हा तुझ्यासाठी नसून बँकेसाठी आणि आधीच्या गिऱ्हाइकांसाठी जपला जातो.

म्हणून छापील आकड्याला किंमत म्हणू नकोस. कोणी प्रत्यक्ष मोजून दिले तीच किंमत. लोणावळ्याजवळची ॲम्बी व्हॅली ही वसाहत आठव. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिचा लिलाव निघाला, राखीव किंमत ३७,३९२ कोटी रुपये, आणि घेणारा मिळाला नाही. मुळशीत वरसगाव धरणाच्या काठी लवासा उभे राहिले. २०१८ साली ते बांधणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि घरासाठी पैसे भरलेली माणसे धनकोंच्या रांगेत जाऊन उभी राहिली. २०२३ साली मंजूर झालेली योजनाही तडीस गेली नाही. ही मोठी उदाहरणे आहेत आणि वल्लमची वसाहत लहान, हे मला कळते. पण गावापासून दूर, गावातल्या कमाईला न पेलणाऱ्या भावात घरे बांधली की घेणारा बाहेरून येईल या आशेवरच सगळे उभे राहते. आपल्याकडे ही आशा सिंगापूर आणि आखाताकडे बघते.

माहितीपत्रकात निओ टायडेल या आयटी पार्कचे चित्र मोठे आहे. ते २०२४ साली सुरू झाले, चांगलेच झाले, आपली मुले इथे परत यावीत असे मलाही वाटते. पण ते पंचावन्न हजार चौरस फुटांचे आहे. तिथे बसणाऱ्यांपैकी सव्वा कोटीचे घर घेणारे किती निघतील? विमानतळाचेही तसेच. हवाई दलाचा तळ २०१३ पासून आहे, नागरी विमाने येणार येणार असे आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत, आणि तू अजून तिरुच्चीलाच उतरतोस. जे उद्या येणार आहे त्याचे पैसे आज देऊ नकोस.

आता तुझा हिशेब. ७५ लाखांवरच्या गृहकर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देऊ शकते. म्हणजे तुला नव्वद लाख मिळतील आणि तीस लाख पदरचे घालावे लागतील. मुद्रांक आणि नोंदणी मिळून तामिळनाडूत ९ टक्के, ते वेगळे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी नव्वद लाखांचा हप्ता महिना ७८ हजारांवर जातो. वीस वर्षांत एक कोटी ८७ लाख भरून होतील. आता त्याच रस्त्यावर तसेच घर भाड्याने विचार. महिना पंचवीस हजार म्हणाले तर वर्षाचे तीन लाख झाले, एक कोटी वीस लाखांवर अडीच टक्के. मुदत ठेवही याहून बरी. भाडे आणि हप्ता यांत एवढी दरी असेल, तर उरलेले सगळे पैसे तू भाव वाढेल या भरवशावर लावतो आहेस. आणि नवे कोरे घर विकायला जो विकसक एवढी धडपड करतो, त्याच्याच शेजारी उद्या तुझे जुने घर विकायला निघाले तर कोण घेईल?

आणखी एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे आणि तो मुलगा ती आपणहून सांगणार नाही. बांधकाम चालू असताना घर घेतले तर पाच टक्के जीएसटी, म्हणजे तुझ्या घरावर सहा लाख. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर घेतले तर काही नाही. घरे बांधून पडली असताना घाई तुला कशाला? रेरा कायद्याने विकसकाला दर तीन महिन्यांनी किती घरे बुक झाली ते संकेतस्थळावर द्यावे लागते. तामिळनाडू रेराच्या पानावर मागच्या तिमाह्या उघडून बघ. "फक्त चारच उरलीत" हे खरे की खोटे ते तिथे कळेल. नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकसकाला घेताच येत नाही, हेही ध्यानात असू दे.

जमिनीचे कागद मात्र मी स्वतः पाहणार. तंजावर जिल्ह्यात जमीन म्हटली की देऊळ, मठ नाहीतर छत्र (धर्मशाळा) यांचा संबंध कुठे ना कुठे निघतो. आपल्या भोसले राजांनीच देवळांना आणि छत्रांना जमिनी लावून दिल्या. १८५५ साली राज्य खालसा झाले, पण राजवाडा देवस्थानाकडे आजही अठ्ठ्याऐंशी देवळे आहेत, आणि छत्रांच्या मालमत्तेचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली चालतो. अशा जमिनीचा तुकडा मधेच निघाला तर नोंदणी अडते आणि मग आयुष्य कोर्टात जाते. पट्टा कोणाच्या नावे, तीस वर्षांची ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, काय सांगते, जमीन नंजै (बागायत) होती की पुंजै (जिरायत), निवासी वापराची परवानगी केव्हा मिळाली, नगररचना खात्याची (डीटीसीपी) मंजुरी कोणत्या तारखेची, हे सगळे बघायचे. मंजुरी नसलेल्या प्लॉटांची नोंदणी मद्रास उच्च न्यायालयाने २०१६ साली थांबवली तेव्हा या भागातल्या किती घरांची झोप उडाली, ते मी कर्जाच्या टेबलावर बसून पाहिले आहे. आणि ईसी मागवलीस की आणखी एक फायदा होतो. त्याच वसाहतीत आधी झालेल्या खरेदीखतांवर कोणती रक्कम लिहिली आहे ते दिसते. खतात रक्कम कमी दाखवण्याची खोड लोकांना आहे, तरीही घासाघीस करताना तो कागद हातात असावा.

हे सगळे झाले, तरी मला सर्वांत जास्त काळजी तुझ्या आईबाबांची वाटते. घर त्यांच्यासाठी, असे तू लिहिले आहेस. मग त्यांचा दिवस डोळ्यांपुढे आण. दादा सकाळी मेल वीदीतून चालत मोठ्या देवळापर्यंत जातो, परतताना भाजी आणतो. वहिनीला दारातच फूलवाली भेटते. संध्याकाळी तिण्णैवर (ओट्यावर) बसले की गल्लीतली आपली माणसे येतात आणि तासभर मराठी बोलणे होते. इथे ते बोलणारी घरे आता थोडीच उरली आहेत, तुला ठाऊक आहे. वल्लमच्या त्या कमानीआड त्यांच्याशी मराठीत कोण बोलेल? दोघांपैकी कोणी गाडी चालवत नाही. रात्री दादाचा दम वाढला तर तिथून मेडिकल कॉलेजपर्यंत कोण नेणार, तू चेन्नईत असताना?

जुने घर गळते, हे खरे. मद्रास टेरेस छताचा चुना दोन ठिकाणी सुटला आहे, मधल्या चौकाच्या बाजूचे एक लाकूड वाळवीने खाल्ले आहे, आणि न्हाणीघराची पायरी वहिनीच्या गुडघ्यांना झेपत नाही. पण या तिन्ही कामांना तुझ्या पदरच्या तीस लाखांतला थोडाच भाग लागेल. चुन्याचे काम जाणणारा एक कोत्तनार (गवंडी) अजून करंदै भागात आहे, मी त्याला येऊन बघायला सांगितले आहे. खाली एक झोपण्याची खोली आणि तिला लागून धरायला दांडे असलेले न्हाणीघर झाले, तर दोघांची पुढची वर्षे सुखात जातील.

एवढे सगळे वाचूनही तुला ते घर हवे असेल, पुढे स्वतः इथे येऊन राहायचे असेल, तर माझी ना नाही. तसे स्पष्ट लिही. मग पूर्ण झाल्याचा दाखला असलेलेच घर बघू, मागितलेल्या भावाला बोली लावू नकोस, तुझ्या हप्त्याला आणि त्या रस्त्यावरच्या भाड्याला जो आकडा पेलेल तोच आधी सांग, आणि विकणारा नाही म्हणाला तर उठून ये. पुन्हा फोन येतो.

तूर्त त्या प्रकल्पाचा सर्व्हे नंबर आणि रेरा नोंदणी क्रमांक मला पाठव. सोमवारी दादाच्या एका कामासाठी उपनिबंधक कार्यालयात जाणारच आहे, ईसीचा अर्ज त्याच वेळी देऊन येते.

तुझी,
आत्या