‘वाय’ दाबण्यापूर्वी...

लिनक्सवर आपण न वाचता सगळ्यात जास्त वेळा कोणतं बटण दाबतो? ‘वाय’! हा लेख त्या ‘वाय’बद्दल आहे.

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री मला पायथनची नवी आवृत्ती हवी होती. म्हटलं, आधी जुनी काढून टाकू. उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३’ दिलं. भलीमोठी यादी आली, खाली प्रश्न आला, मी ‘वाय’ दाबलं आणि चहाला खाली गेले. परत येऊन मशीन रिस्टार्ट केलं, तर डेस्कटॉप गायब! काळ्या स्क्रीनवर फक्त लॉगिन विचारणारी एक ओळ.

चूक माझीच होती. काय काय काढलं जाणार ते त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही, एवढंच.

असं का झालं? उबुंटू हे डेबियनवर आधारलेलं आहे. डेबियन इयान मर्डॉकने १९९३ मध्ये सुरू केलं. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. पॅकेजमध्ये प्रोग्रामच्या फाइल्स असतात आणि ‘मला चालायला अजून काय काय लागतं’ याची नोंद असते. हिला डिपेंडन्सी म्हणतात. ‘डीपीकेजी’ हा प्रोग्राम हातात दिलेलं पॅकेज बसवतो. १९९९ च्या डेबियन २.१ पासून मिळू लागलेलं ‘ॲप्ट’ त्याच्या वरच्या पायरीवर काम करतं. लागणारी बाकीची पॅकेजेस ते स्वतः शोधून आणतं. पण हाच हिशोब उलटाही चालतो. मेसमधला गॅस सिलिंडर काढला तर पोळी, भाजी, भात सगळंच बंद. उबुंटूच्या डेस्कटॉपचे बरेच भाग पायथनवर चालतात, म्हणून पायथनबरोबर तेही गेले.

आता माझी सध्याची पद्धत सांगते. (कमांड इथे मराठीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

१) शोधा : आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’. याने सॉफ्टवेअर बदलत नाही, फक्त उपलब्ध पॅकेजेसची ताजी यादी येते. बसवलेलं सॉफ्टवेअर नवं करतं ते ‘अपग्रेड’. (व्हायव्हाला हमखास इथेच विकेट जाते!) मग ‘ॲप्ट सर्च’ आणि हवा तो शब्द. हे नाव आणि वर्णन दोन्हींत शोधतं, त्यामुळे कधीकधी शेकडो ओळी येतात. तेव्हा ‘--नेम्स-ओन्ली’ जोडा. शोधायला सुडो लागत नाही.

२) वाचा : ‘ॲप्ट शो’ने आवृत्ती, साइज आणि डिपेंडन्सी कळतात. ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ने आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे, नवी कोणती मिळेल आणि कुठून, ते दिसतं. काही काढायचं असेल तर ‘ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स’ जरूर द्या. या पॅकेजवर कोण कोण अवलंबून आहे ते त्यात येतं. मी हे केलं असतं तर ती रात्र वाचली असती.

३) तालीम करा : ‘ॲप्ट’नंतर ‘-एस’ (स्मॉल) लिहून मग ‘रिमूव्ह’ किंवा ‘इन्स्टॉल’ द्या. काय होईल ते सगळं दिसतं, पण प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. २०२५ मध्ये आलेल्या ॲप्ट ३.० मध्ये तर काढली जाणारी पॅकेजेस लाल रंगात दिसतात. लाल दिसलं की हात थांबवा.

४) उलटा शोध : एखादी फाइल कोणत्या पॅकेजची, हे ‘डीपीकेजी -एस’ (कॅपिटल) सांगतं, पण फक्त बसवलेल्या पॅकेजेसपुरतं. कंपाइल करताना ‘हेडर फाइल सापडत नाही’ असा एरर आला तर ‘ॲप्ट-फाइल सर्च’ वापरा. ते वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, पण न बसवलेल्या पॅकेजेसमध्येही शोधतं.

रेड हॅटच्या घराण्यातल्या फेडोरावर हीच कामं ‘डीएनएफ’ करतं, आर्चवर ‘पॅकमॅन’ आणि फ्रीबीएसडीवर ‘पीकेजी’. कमांड बदलतात, सवय तीच राहते.

माझ्या मशीनचं पुढे काय झालं? लॅनची वायर लावलेली होती आणि नेट चालू होतं, हे नशीब. ‘व्हार’, ‘लॉग’, ‘ॲप्ट’ असं आत गेलं की ‘हिस्टरी.लॉग’ नावाची फाइल असते. काय बसवलं, काय काढलं, सगळं तारीख-वेळेसकट तिच्यात लिहिलेलं असतं. ती वाचून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप’ दिलं, राहिलेली पॅकेजेस एकेक करून बसवली. पहाटे चार वाजता डेस्कटॉप परत आला. सबमिशन झालं, झोप मात्र गेली ती गेलीच.

आणि गंमत म्हणजे जुना पायथन काढायची गरजच नव्हती. नवी आवृत्ती त्याच्या शेजारी सुखाने नांदते. तेव्हा दोस्तांनो, कॉम्प्युटर प्रश्न विचारतो तो आपल्याला उत्तर माहीत असावं म्हणून. यादी वाचायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट द्या, आणि मगच ‘वाय’ दाबा!