कंबरदुखी : शस्त्रक्रियेपूर्वी व्यायाम व पुनर्वसन

कंबर दुखू लागली की ‘गादी सरकली, आता शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही’, अशी धास्ती अनेक कुटुंबे घेतात. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांच्या कंबरदुखीमागे गंभीर आजार नसतो. नव्याने उद्भवलेली वेदना बहुधा ६ आठवड्यांत पुष्कळ कमी होते.

एमआरआय अहवालाचा अर्थ
मणक्यांमधील चकतीची झीज किंवा फुगवटा वेदना नसलेल्या व्यक्तींमध्येही आढळतो. वयानुसार त्याचे प्रमाण वाढते. सरकलेला भाग अनेकदा काही महिन्यांत आपोआप आकसतो. म्हणून केवळ अहवालावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

व्यायाम कशासाठी?
दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्याने पाठीचे व पोटाचे स्नायू दुर्बल होतात आणि दुखणे लांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दीर्घकालीन कंबरदुखीसाठी व्यायाम व रुग्णशिक्षणाची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन यांचा नित्य वापर करू नये, असेही त्यांत सांगितले आहे.

घरी करावयाचे व्यायाम
१. चालणे : दररोज १० मिनिटांपासून आरंभ करून वेळ हळूहळू वाढवावी.
२. कंबर उचलणे : उताणे झोपून गुडघे दुमडावेत, तळपाय जमिनीवर टेकवावेत. कंबर सावकाश उचलून ५ सेकंद धरावी. असे १० वेळा करावे.
३. हात-पाय ताणणे : हात व गुडघे जमिनीवर टेकून एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ ताणावा, ५ सेकंदांनी बाजू बदलावी.

व्यायाम प्रथम भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावेत. किंचित दुखणे म्हणजे इजा नव्हे. मात्र पायातील कळ वाढल्यास थांबून सल्ला घ्यावा. लाभ दिसण्यास काही आठवडे लागतात. सातत्य सोडू नये.

विलंब न करता रुग्णालयात जावे, जर –
• लघवी अडली, अथवा लघवी किंवा शौचावरील नियंत्रण सुटले
• गुद व जननेंद्रियाभोवती बधिरता आली
• पायातील शक्ती कमी होत गेली
• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर तीव्र वेदना झाली

ताप, वजनातील घट, रात्रीची सततची वेदना, पूर्वीचा कर्करोग किंवा क्षयरोग असल्यासही लवकर तपासणी करावी. मणक्याचा क्षयरोग औषधांनी बरा होतो.

काही रुग्णांना शस्त्रक्रिया आवश्यकच असते. तो निर्णय तपासणीअंती तज्ज्ञांनी घ्यावयाचा असतो. सल्ल्यासाठी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जावे.