गावतळ्यातील वनस्पतींचे चार वर्ग

गावतळ्यातील वनस्पतींचे चार वर्ग पडतात : काठच्या उथळ पाण्यात पाणकणीस; त्यापुढे तळाशी मूळ धरून पृष्ठभागावर पाने पसरणारे कमळ; सूर्यप्रकाश पोचतो तेथवर पाण्याखाली वाढणारा, शेवाळासारखा दिसणारा हायड्रिला; आणि तरंगती जलपर्णी. पहिल्या तिहींची जागा पाण्याची खोली, प्रकाश व गाळ यांवर ठरते. जलपर्णीस खोलीचे बंधन नाही. संथ पाण्यात शेणखत वा सांडपाणी उतरले की ती झपाट्याने फोफावते. तिच्या दाट थराखाली प्राणवायू घटून मासळी गुदमरते. म्हणून ग्रामकार्यकर्ते व शेतकरी बंधूंनी ती फुलण्यापूर्वीच मुळासकट काढून काठापासून दूर टाकावी. तळ्याकडील उतारावर उकिरडे नसावेत. पाणकणीस मात्र समूळ उपटू नये. ते काठाची माती धरून ठेवते.