संकटकाळीं दुकानाचें कार्य

दि. १५ जून २०२५ रोजीं मावळांतील कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल ऐन गर्दीच्या वेळीं कोसळून चार माणसें दगावलीं. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची ५ वी बटालियन जवळच सुदुंबऱ्यास असते. जवान दोर व होड्या आणतात. पण अशा प्रसंगीं वांचलेल्यांस कोरडीं वस्त्रें, कांबळीं, दूध कोणी पुरवावें? येथें दुकानदाराची गरज भासते. ज्याच्या शाखा लोणावळा व तळेगांव अशा दोन्ही ठिकाणीं आहेत, त्याचा एकीकडील माल भिजला तरी दुसरीकडील उपयोगीं पडतो; एकट्या दुकानास हें साधत नाहीं. मात्र त्या मालाची यादी मृगापूर्वींच तहसीलदारांकडे पोंचावयास हवी. पूर आल्यावर जुने कपडे गोळा करण्याची आम्हां विद्यार्थ्यांची हौस, खरें सांगावयाचें तर, बहुधा अडगळच वाढविते.