आजोबांच्या काठीवरची कमान

धुळे,
पौष शुद्ध पंचमी

चि. बापू,

तुझे पत्र पावले. आजोबांची गळाची काठी माळ्यावरून उतरवून तू ती पुसलीस, तिच्या पितळी जोडनळ्यांवर साचलेला कळकटपणा चिंचेने काढलास, आणि मेहरूणच्या तलावावर जाता-येता मोकळा लोंबणारा गळ कधी स्वतःच्या बाहीत तर कधी शेजाऱ्याच्या उपरण्यात रुतू लागल्यामुळे मुठीजवळ तो अडकविण्याची काही कायमची सोय करावी असे तुझ्या मनाने घेतले, हे वाचून समाधान वाटले. विचार सर्वस्वी योग्य आहे. परंतु त्या सोयीसाठी काठीला बारीक छिद्र पाडून त्यात वाकविलेला खिळा ठोकावा, हा जो मार्ग तू सुचविला आहेस, तो मला मुळीच मान्य नाही; आणि तू आता नुसत्या मनाईने गप्प बसण्याच्या वयाचा राहिला नसल्यामुळे, त्याची कारणे विस्ताराने लिहिणे मला प्राप्त आहे.

ही काठी अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, भुसावळास, रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन विलायतेस परत निघालेल्या एका इंजिन-ड्रायव्हराकडून विकत घेतली होती. त्या काळी साहेब लोकांत गळाचा नाद मोठा असे. मद्रास इलाख्यातील टॉमस नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहून ठेवला आहे, आणि तापीच्या वरच्या खडकाळ डोहांतील महाशीर माशाची कीर्ती आमच्या लहानपणी रेल्वेच्या बंगल्यांतून नित्य ऐकू येई. अशा काठ्या अखंड वेळूच्या नसतात. वेळू चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या काढतात, त्या तासून टोकाकडे निमुळत्या करतात, आणि पाठीचा भाग बाहेर व पोटाचा भाग आत येईल अशा रीतीने सरसाने एकत्र जोडतात. म्हणून तुझ्या हातातील काठीला सहा बाजू आहेत. पुढे चिनी वेळूचे प्रस्थ वाढले, परंतु त्यापूर्वी या कामास कलकत्त्याहून जो वेळू परदेशी जाई, तो जातीने आपल्या सातपुड्यातील मानवेलच होय, हे समजल्यावर अण्णांना मोठी गंमत वाटली होती.

आता मुद्दा असा की वेळूचे सारे बळ त्याच्या पाठीत असते. चिरलेल्या वेळूचा काप उजेडात धरून पाहशील तर बाहेरच्या अंगाला तंतू दाट व गर्द दिसतील आणि आतल्या अंगाला ते विरळ होत जाऊन नुसता भुसभुशीत गाभा उरलेला दिसेल. काठी वाकते तेव्हा ताण पडतो तोही सर्वांत अधिक बाहेरच्याच थरावर. म्हणजे जेथे बळ तेथेच भार, अशी ही निसर्गाची आणि कारागिराची मिळून केलेली योजना असून, छिद्र पाडणारा मनुष्य नेमके तेच तंतू तोडतो, जोडाच्या सरसापर्यंत पाण्याला वाट करून देतो, आणि पुढे एखादा दांडगा मरळ ओढीला लागला असता काठी कोठून मोडावी याची खूण जणू स्वतःच्या हाताने करून ठेवतो. मी पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, तेव्हा कागदांना भोके पाडून ते फितीने ओवण्याची इंग्रजी रीत सर्रास चालू होती. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद मात्र रुमालांत बांधलेले होते, आणि दोन्ही रीती पाहिल्यावर माझे मत कायमचे बांधण्याच्या बाजूने झाले. रुमाल सोडला की कागद जसाच्या तसा हाती येतो. तुझ्या काठीलाही जे काही जोडायचे ते बांधून जोड, म्हणजे उद्या तुझ्या मुलाला ते नकोसे झाले तर त्याला ते सोडता येईल.

गळाला ठरलेली जागा असावी, ही गरज मात्र किरकोळ समजू नकोस. पांझरेवर फडाचे जुने दगडी बंधारे आहेत. शतकानुशतके त्यांच्या पाटांतून शेते भिजत आली; पाणी फिरविणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या आणि देखरेख ठेवणारा हवालदार असा त्या व्यवस्थेचा स्वतःचाच छोटा अंमल असे. बंधाऱ्याच्या खालच्या डोहात मासा थांबतो, म्हणून गळवाले तेथे जमतात. परंतु त्याच डोहावर बाया धुणे घेऊन येतात, गुरे पाण्यावर उतरतात, आणि उघडीवाघडी पोरे दिवसभर डुंबत असतात. तेथून काठी खांद्यावर टाकून निघालेल्या माणसाचा गळ हातभर दोरीला झोके घेत असेल, तर त्याच्या उलट्या दाताला पोराचा कान आणि म्हशीची नाकपुडी यांत भेद करता येत नाही. त्या डोहावर येणारा एक म्हातारा भोई साध्या कळकाची काठी वापरी, पण बुडख्याशी बांधलेल्या भेंडाच्या तुकड्यात गळाचे टोक खुपसल्यावाचून त्याने जागेवरून पाऊल उचललेले मी कधी पाहिले नाही. आमच्यासारखे शिकलेले लोक मात्र गळ मुठीच्या बुचात टोचीत, त्यामुळे बूच ठिकठिकाणी फाटून पाणी पिई. किंवा दोरीच्या कडीत अडकवीत, त्यामुळे कडीच्या आतल्या अंगास चरा पडे आणि पुढे तीच कडी दोरी कातरीत राही.

तेव्हा गळ अडकविण्यासाठी तारेची कमान कर. तांबटाकडे किंवा सोनाराकडे पितळेची सुमारे एक मिलिमीटर जाडीची तार वीतभर माग. ती प्रथम लालसर होईपर्यंत तापवून थंड होऊ दे, म्हणजे ती मऊ पडेल. पितळ पोलादाप्रमाणे पाण्यात बुडविल्याने कडक होत नाही, म्हणून पाण्यात टाकलीस तरी चिंता नाही, पण एकाच जागी पुन्हापुन्हा वाकविलीस तर मात्र ती ताठरून तुटेल. एखाद्या जाड दाभणावर तिला वळवून मध्यभागी लहानशी कमान आण आणि दोन्ही बाजूंना आठ-दहा मिलिमीटरांचे पाय काठीच्या लांबीच्या दिशेने सरळ पसर. कमानीखाली तीन-चार मिलिमीटरांची पोकळी पुरे. उंच कमान डौलदार दिसते खरी, परंतु ती दोरीला, धोतराला आणि झुडपाला सारख्याच अगत्याने धरते. पायांची टोके कानशीने घासून चपटी व निमुळती कर. या एका कामात आळस करू नकोस, कारण पाय बोथट राहिला तर धागा त्यावर चढताना पायरी पडते, आणि गुंडाळी सुटते ती नेहमी त्या पायरीपाशीच.

जागा मुठीच्या पुढे चार बोटे. तेथे काठी सर्वांत कमी वाकते. बाजू निवडताना मात्र विचार कर. कड्यांच्या ओळीतली बाजू सोपी वाटेल, पण चक्रावरून पहिल्या कडीकडे जाणारी दोरी त्याच बाजूने धावते व कमानीला घासते. म्हणून तिच्या शेजारची, अंगठा न पोहोचणारी बाजू घे. काठीला सहा सपाट बाजू असल्याचा येथे फायदा होतो, कारण पाय डगमगत नाहीत.

बांधणी रेशमाने करावी. रिळाचा धागा जाड ग्रंथाच्या पानांत दाबून ठेवावा, म्हणजे ताण सारखा राहतो, आणि धागा काठीभोवती न फिरवता काठीच स्वतःभोवती फिरवावी. मी या कामी मोल्सवर्थचा कोश वापरतो, आणि त्या विद्वान गृहस्थाने १८५७ ची दुसरी आवृत्ती इतकी वजनदार केल्याबद्दल त्यास मनातल्या मनात धन्यवाद देतो. पायाच्या टोकाच्या थोडे अलीकडे आरंभ कर. धाग्याचे सुटे टोक पहिल्या पाच-सहा वेढ्यांखाली दाबून घे, मग वेढ्याला वेढा चिकटवीत, नखाने रेटीत, पायावर चढून कमानीच्या बुडाशी ये. शेवटचे पाच-सहा वेढे उरले असता वेगळ्या धाग्याचा एक फास त्यांच्याखाली आडवा ठेव, वेढे पुरे झाले की टोक कापून त्या फासात ओव, आणि फास ओढून ते टोक वेढ्यांखाली नाहीसे कर. कोठेही गाठ नको. दुसरा पायही असाच बांध. एखाद्या कामट्यावर आधी हात बसवून घेतलास तर उत्तम.

त्यावर तेलाचे रोगण पातळ हाताने द्यावे, एक थर पुरता वाळल्यावाचून दुसरा देऊ नये. रेशीम रोगण पिऊन काळपट व किंचित पारदर्शक होते, त्याने घाबरू नकोस. लाखेचे रोगण लवकर वाळते, पण ओल लागली की पांढरे पडते, आणि वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला की त्या लाखेचा काय भरवसा! ज्या मित्राने तुला सायकलच्या ट्यूबची चकती कापून तीत तार अडकविण्याचा सल्ला दिला, त्यालाही हेच सांग. ती युक्ती एका पावसाळ्यापुरती नामी आहे; पण खानदेशी उन्हाळ्यात रबर चिघळून रोगणाला असे बिलगते की काढताना रोगणच घेऊन निघते. बाजारातल्या झटपट चिकटणाऱ्या डिंकाचे तर नावच काढू नकोस, तो पुन्हा सोडविता येत नाही. उलट रेशमाची बांधणी काढायची झाल्यास पात्याची धार तारेच्या पायावर टेकवून तेथला धागा कापला की बाकीचे वेढे आपण होऊन उलगडतात, आणि काठीवर ओरखडाही उठत नाही.

गळ कमानीत अडकविल्यावर दोरी ताणून घेण्याचा मोह होतो. तसे करू नकोस. शेंडा वाकेल इतकी दोरी आवळून काठी कोपऱ्यात उभी ठेवली तर वेळूला जो बाक येतो तो सहसा जात नाही. दोरी नुसती लोंबणार नाही इतकीच गुंडाळ. कमान ही वाटेपुरती आहे, घरापुरती नव्हे. घरी आल्यावर गळ सोडून, पुसून डबीत ठेव, विशेषतः त्यावर कणकेचा अंश राहिला असेल तेव्हा. वहिनींची मांजर कणकेच्या वासाने भिंतीवर उडी घेते हे मला ठाऊक आहे. जळगावहून इकडे येताना एरंडोल-पारोळ्याच्या एस.टी.तही काठी सुटी करून पिशवीत घालूनच आण. त्या गर्दीत कमानीवरही विसंबू नये.

हतनूर किंवा गिरणेच्या धरणावर जाण्याचा बेत लिहिला आहेस. अशा जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेव्हा आधी तेथल्या माणसांना भेटून रीतसर परवानगी घे, आणि पावसाच्या आरंभी मासा अंडी घालण्यास उथळ पाण्यात चढतो तेव्हा काठी भिंतीलाच राहू दे.

रेशीम येथील पटवेकऱ्याकडून मी आणून ठेवतो. जुन्या बांधणीचा रंग हिरवा की तपकिरी, हे मला आता आठवत नाही, आणि अण्णांच्या वेळच्या वेढ्यांशी तो जुळलेला बरा. तेव्हा शेंड्याकडच्या सैल झालेल्या गुंडाळीतील बोटभर धागा पुढच्या पत्रात घालून पाठव. रोगणाखालचा मूळ रंग पाहायचा असेल तर धाग्याची आतली बाजू पाहावी लागते, म्हणून तो पुसू अगर धुऊ नकोस. वहिनींस सा. नमस्कार सांगावा.

तुझा,
काका